पोटावर ठेवलेला हात

मथुराबाई एकदा बोलायला लागली की थांबत नाही, हे आमच्या सगळ्या बुधवारा मोहल्ल्याला माहीत आहे. तिचं तरी काय चुकतं? घरात माणसं तीन. नवरा वसंत तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहून कानाने अधू झालेला. मुलगा गोटू चोवीस वर्षांचा, आणि त्याने आजवर एक शब्द उच्चारलेला नाही. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, म्हणून तिघांच्या वाटणीचं ती एकटी बोलते. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि तीही पातळ, त्यामुळे ऐकायचं काम बरंचसं माझ्याकडे आलेलं आहे.

मी मालतीबाई. इथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली, तरी गल्ली मला अजून 'बाई'च म्हणते आणि मीही अजून गल्लीला रागावते. स्वभाव तापट आहे. तो बदलायचं माझं वय राहिलेलं नाही.

मथुरा मांडे करते. लग्न असो, अक्षय्य तृतीयेची आखाजी असो, पाहुणे येणार असोत, बुऱ्हाणपुरात मांडे सांगायचे तर लोक तिचं दार ठोठावतात. गहू भिजवायचे, सुकवायचे, दळायचे, पीठ फडक्यातून गाळून घ्यायचं. त्या पिठाचा सैल गोळा, पोटात पुरण, आणि तो हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. रुमालाएवढा पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. मला हे जन्मात जमलेलं नाही. तिने चारदा शिकवलं, चारही वेळा मांडा माझ्या कोपरातून फाटून चुलीत गेला आणि ती पोट धरून हसली.

गोटू तिच्या शेजारी पाटावर बसून बघत राहायचा. मांडा कोपरापर्यंत आला की टाळी वाजवायचा. त्या घराचा रिवाज होता, पहिला मांडा गोटूचा. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी चालेल, पण पहिला मांडा तुकडे करून, दुधात कुस्करून आधी त्याच्या पोटात जायचा.

हा गोटू जन्मला तेव्हा रडला नव्हता. पुढचं सगळं त्यातून आलं. उशिरा बसला, उशिरा चालला, बोलला नाहीच. चालताना डावा पाय थोडा ओढतो. 'त्याला काही समजत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, मथुराच्या दारात चपला काढून बघा. घरात वीस बायका जमल्या असल्या तरी गोटू प्रत्येकीच्या चपला जोडीने लावून ठेवतो, आणि निघताना जिच्या तिच्या पायापुढे आणून देतो. आजवर एकदाही चुकलेला नाही. माझ्या वर्गात चाळीस बोलणारी मुलं होती, त्यांच्या वह्या त्यांना स्वतःला ओळखू यायच्या नाहीत.

आणि त्याला एक गोष्ट सांगता यायची. तो आईचा हात धरायचा आणि आपल्या पोटावर ठेवायचा. की मथुरा लगेच म्हणायची, "भूक लागली वं माझ्या राजाले!" आणि पोळी-दूध पुढे यायचं. आम्ही सगळे कौतुक करायचो. बघा, मुका असून कसं मागतो.

पोटाची कुरकुर लहानपणापासूनच होती, पण तीन वर्षांपूर्वी त्याची तब्येत ढासळायला लागली. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे. जुलाब. तोंडात सतत छाले. दिवसातून दहा-दहा वेळा आईचा हात पोटावर आणि आईची दहा वेळा पोळी. निम्मी खायचा, निम्मी थुंकायचा. मग डोकं भिंतीवर आपटायला लागला. त्या भिंतीच्या पलीकडे माझा पलंग आहे, त्यामुळे मला ते दिवस चांगलेच लक्षात आहेत. दारातल्या चपला अस्ताव्यस्त पडायला लागल्या. मला विचाराल तर तीच खरी खूण होती.

मथुराने गावातला एक डॉक्टर सोडला नाही. जंताचं औषध झालं, रक्तवाढीचं झालं. एकाने शांत राहायची गोळी दिली, ती घेऊन पोरगं दिवसभर लाळ गाळत पडून राहिलं. मी दोन-तीनदा बरोबर गेले होते. सगळीकडे एकच वाक्य कानावर यायचं, "अम्मा, ऐसे बच्चों में ये सब होता है।" ऐसे बच्चे! जणू पोट दुखायचा हक्क बोलणाऱ्यांनाच दिलेला आहे. एका ठिकाणी मी आवाज चढवला तर कंपाउंडरने मलाच बाहेर बसवलं.

एक गोष्ट मात्र मथुराच्या मनात सलत होती, ती तिने मला फार उशिरा सांगितली. लग्नसराईत कामाचा रेटा असतो म्हणून दरवर्षी ती गोटूला तीन आठवडे दापोऱ्याला, भावाकडे पाठवायची. भाऊ धर्मेंद्र केळीवाला शेतकरी, वहिनी मोनाली. तिथून गोटू परत यायचा तो गाल भरून. जुलाब थांबलेले, डोकं आपटणं थांबलेलं. सगळे म्हणायचे, मामाच्या गावची हवा मानवते. घरी येऊन महिना झाला की पुन्हा पहिले पाढे.

"बाई, तुमाले सांगू का," एक दिवस दाण्यांची टरफलं काढता काढता ती म्हणाली, "मोनालीचा मले लई राग येते. तिच्या हातचं खाऊन माझं पोरगं फुलते, अन् माझ्या हातचं खाऊन सुकते. माझ्या हातात काय इख आहे का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. त्यावर तिने जे केलं ते कुठल्या डॉक्टरला सुचलं नव्हतं. मागच्या वर्षी ऐन लग्नसराईत तिने आठ दिवस मांडे बंद ठेवले, गोटूबरोबर स्वतः दापोऱ्याला जाऊन राहिली आणि वहिनीच्या स्वयंपाकघरात बसून नुसती बघत राहिली. मोनाली बिचारी घाबरून गेली. नणंद आठ दिवस चुलीपुढून हलत नाही म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

परत आली ती तडक माझ्याकडे. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बाई, पोळी! तिथं पोळी नसते. सणावारालेच होते. रोज ज्वारीची भाकर, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वरण, केळं. बाकी सगळं तेच, तेल तेच, मिरची तीच. मी गोटूले लाडाने पोळी देत होती, बाई. भाकर टोचीन त्याले म्हणून."

आमच्याकडे हे असंच आहे. भाकरी रोजची, कष्टाची; पोळी मऊ, पांढरी, मायेची. आजाऱ्याला पोळी, लेकराला पोळी, पाहुण्याला पोळी. बोलता न येणाऱ्या एकुलत्या एका मुलाला कुठली आई भाकरी वाढेल?

त्या दिवसापासून तिने त्याचा गहू बंद केला. मलाही बजावलं. गोटू माझ्याकडे आला की मी त्याला चमचाभर दराबा द्यायची, ते त्याचं आवडतं. "तुमचा दराबापण बंद," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्यात तूप-साखर आणि रवा. ती माझ्याकडे बघत राहिली. रवा म्हणजे गहूच, हे एकतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला त्या क्षणी आठवलं. मी डबा उचलून आत ठेवला आणि पुढचे दोन दिवस तिच्याशी नजर मिळवली नाही.

दोन महिन्यांत गोटू सुधारला. अगदी दापोऱ्याइतका नाही, निम्माच म्हणा. पण चपला पुन्हा जोडीने लागायला लागल्या. मग मथुराने एका डॉक्टरांना स्वतःहून विचारलं, गव्हाचा काही आजार असतो का? त्यांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. अहवाल आला, काही नाही. "गेहूँ से कोई दिक्कत नहीं है, अम्मा। खिलाओ आराम से।"

मी म्हटलं, जाऊ दे ना. मशीन काहीही म्हणो, भाकरीने बरं वाटतंय ना त्याला? भाकरी दे, विषय संपव.

"नै बाई," ती म्हणाली. "मी किती दिवस पुरणार? उद्या मी गेली, हे गेले, तर हा कोणाच्या दारी जाईल? मोनालीच्या जाईल नाही तर सरकारच्या जाईल. तिथं त्याच्या ताटात पोळी पडली तर 'मले नको' असं तो म्हणीन का? त्याच्यासाठी कोण म्हणीन? मी सांगून ठेवलं तर म्हणतीन, अडाणी बाई होती, तिचं काय. कागद पाहिजे बाई. कागदाचं लोक ऐकतात."

 तिला औषध नको होतं. आपल्या मागे मुलासाठी बोलेल असा एक कागद हवा होता.

भाद्रपदात आमच्याकडच्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस एक नवी डॉक्टरीण बसायला लागली. हिमानी तिचं नाव. मुलगी तिशीची असेल, केस आखूड, बोलणं फटफट. मी मनात म्हटलं, ही आपल्याला पाच मिनिटांत वाटेला लावणार. तिने पाऊण तास घेतला. मथुराकडचं सगळं ऐकून घेतलं, तेही न थांबवता. हे काम सोपं नव्हे, मी जाणते. मग गोटूच्या समोर स्टूल ओढून बसली, त्याला आधी स्वतःचा हात दाखवला, मग त्याच्या पोटाला लावला.

"अम्मा, इसको दर्द होता है तो ये कैसे बताता है?"

"मेरा हाथ पकडता है, अन् पेट पे रखता है," मथुरा म्हणाली.

"अच्छा। और भूख लगती है तो?"

मथुराने उत्तर द्यायला तोंड उघडलं. "तो भी वैसाच... मेरा हाथ..." आणि ती थांबली. मथुराबाई बोलता बोलता थांबली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पंख्याचा आवाज येत होता. गोटू डॉक्टरणीच्या चपलांकडे बघत होता, तिने एक टेबलाखाली आणि एक खुर्चीखाली अशी भिरकावली होती.

मग मथुरा माझ्याकडे वळली. "बाई, इतके वर्षं झाले, तो मले सांगू राह्यला का दुखते. अन् मी त्याच्या तोंडात पोळी घालू राह्यली."

मी तिचा हात धरला. माझेही डोळे भरून आले होते, लपवायचं काय त्यात? मीही भिंतीपलीकडून म्हणतच होते की, बघा कसा मागतो.

डॉक्टरणीने तिला रडू दिलं. मग समजावून सांगितलं. आजाराचं नाव सीलिॲक. गव्हाने आतडं खराब होतं. पण रक्तात तो दिसतो तो माणूस गहू खात असला तरच. गहू बंद केला की शरीर निवळतं, आणि तपासणी खोटीच चांगली येते. गहू बंद करून मग तपासणी केली, इथेच चूक झाली. आता पक्का कागद हवा असेल तर एकच रस्ता. सहा आठवडे गोटूला रोज गहू द्यायचा, दिवसाला दोन पोळ्या. मग रक्त, आणि इंदूरला नेऊन दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासायचा.

"मतलब, जानबूझ के खिलाना?" मथुराने विचारलं.

"हाँ अम्मा। जानबूझ के। बहुत तकलीफ़ हुई तो तुरंत बंद करके मुझे फ़ोन करना।"

संध्याकाळी तिने वसंतला ओरडून सगळं सांगितलं. मी भिंतीपलीकडे होते. "सीलिॲक!" ती ओरडली. "शिलाई?" तो म्हणाला. "कशाची शिलाई?" मला हसू आलं आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पोळी सुरू झाली. ते सहा आठवडे मी विसरणार नाही. पहिले चार दिवस गोटू आनंदाने खात होता, पोळी परत आली म्हणून. पाचव्या दिवसापासून पोट धरून बसायला लागला. आईचा हात घ्यायचा, पोटावर ठेवायचा. आणि आता तो काय म्हणतोय ते तिला समजत होतं. आधी ती निदान अज्ञानात होती. आता जाणूनबुजून, "हाव राजा, दुखते ना, माहीत आहे मले, एवढी एक खाऊन घे" असं म्हणत ती त्याला घास भरवत होती. आईच्या हातून याहून अवघड काम होत असेल असं मला वाटत नाही. डॉक्टरणीला दर आठवड्याला फोन जायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दर दिवशी कोळशाने फुली मारायची.

तिसऱ्या आठवड्यात त्याने डोकं आपटलं तेव्हा मी तरातरा तिच्या घरात गेले. म्हटलं, बंद कर हे. नको तो कागद. मी लिहून देते, माझ्या सहीने, शिक्का मारून. ती चुलीपुढे बसली होती, तव्यावर पोळी होती. "तुमीपण जाणार बाई," ती एवढंच म्हणाली. तिने पोळी उलटली. मग गोटूला मांडीवर घेतला, चोवीस वर्षांच्या घोड्याला, आणि त्याचं डोकं आपल्या छातीशी धरून बसली. त्याने डोकं आपटलं तर तिच्यावर आपटावं म्हणून. मी पोळीखालची लाकडं बाहेर ओढली आणि तिथेच बसून राहिले.

सहा आठवडे पुरे झाले. रक्तातला आकडा निरोगी माणसाच्या कितीतरी पटीने वर आला. डॉक्टरणीने फोनवर तो सांगितला तेव्हा मथुरा म्हणाली, "देवा, चांगलं झालं," आणि मग आपण काय बोललो ते कळून तोंडावर पदर घेतला.

इंदूरला आम्ही चौघंही गेलो, पहाटेच्या बसने. त्या रुग्णालयाच्या दालनात "गौरव, गौरव" असं तीनदा पुकारलं तरी आमच्यापैकी कुणी उठेना. चौथ्यांदा मला आठवलं, आधार कार्डावर गोटूचं नाव गौरव आहे. भूल दिली, तुकडा घेतला. गोटू जागा झाला तेव्हा सगळ्यात आधी पलंगाखाली वाकून आमच्या चार जोड चपला सरळ केल्या. तिथली नर्स बघत राहिली. मी तिला म्हटलं, बघ हां, एकही चुकणार नाही.

आठ दिवसांनी अहवाल घेऊन पुन्हा हिमानीकडे गेलो. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याला आतून बारीक बारीक धाग्यांसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते. गोटूची ती लव सगळी सपाट झाली होती. मथुराला चित्र समजेना. वसंत मात्र पुढे वाकून बराच वेळ ते बघत होता. त्याला निम्मं ऐकूही गेलं नसेल. मग आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "टावेलासारखं आहे हे. टावेलाचे रोवें झिजून गेले. मग घासेल टावेल पाणी कसं पेईन?"

डॉक्टरीण त्याच्याकडे बघून हसली. "एकदम सही, काका। और गेहूँ बंद रहा, तो रोयें वापस आ जाएँगे।" त्याला ते ऐकू गेलं नाही. मथुराने त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "पुन्हा येतात म्हणते!" वसंतने गोटूच्या केसांत बोटं घातली आणि खिडकीकडे तोंड केलं.

कागद मिळाला. हिंदीत, ठळक अक्षरात: रोगी को गेहूँ, मैदा, सूजी, जौ आजीवन पूर्णतः बंद. खाली सही, शिक्का. मथुराने तो प्लास्टिकमध्ये बसवून घेतला. एक प्रत तिच्या स्वयंपाकघरात खिळ्याला, एक दापोऱ्याला मोनालीकडे, एक माझ्याकडे. तिला वाचता येत नाही असं नाही, पण तो कागद ती माझ्याकडून वाचून घ्यायची. माझ्या आवाजात तो खरा वाटतो म्हणे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण महिना-दीड महिना झाला तरी गोटू पुन्हा निम्म्यावरच अडला. अधूनमधून हात पोटावर जायचाच. मथुरा हवालदिल. हिमानीने सगळं खोदून खोदून विचारलं. तेल, मसाला, हिंग. शेवटी म्हणाली, "ज्वार पिसवाती कहाँ हो?"

कोपऱ्यावर अरविंदची पिठाची गिरणी आहे. आम्ही बायका तिथे दळण टाकताना काय सांगतो ते सगळ्यांना माहीत आहे. गहू असेल तर म्हणायचं, 'गव्हावर टाक,' म्हणजे आधीचं दळण गव्हाचं असेल त्याच्या मागून दळ. आधी कुणाची ज्वारी दळली असेल तर तिचं पीठ जात्यात राहतं आणि पोळी बिघडते, म्हणून. मथुरा मात्र ज्वारीसुद्धा गव्हावर टाकायला सांगायची. वर्षानुवर्षं. नुसत्या ज्वारीची भाकरी भुसभुशीत होते, तिचा कोरडा तुकडा गोटूच्या घशात अडकतो, त्याला ठसका लागतो. गव्हाचं थोडं पीठ मिसळलं की भाकरी जरा लवचीक होते. ही तिची युक्ती, गोटूसाठीच काढलेली. गहू बंद केल्यावरही तोंडात बसलेले शब्द सुटले नव्हते. डबा अरविंदपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, 'गव्हावर टाक रे भाऊ.'

या वेळी ती रडली नाही. दवाखान्यातून बाहेर आली आणि कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "बाई, मी किती मायेची, बघा! जिथं तिथं गहू घालून ठेवला." मग दापोऱ्याला फोन लावला. ज्या वहिनीचा तिला इतका राग यायचा, तिच्याकडून आता दर पंधरा दिवसांनी पीठ येतं. मोनालीच्या घरघंटीत ज्वारी-उडदाशिवाय काही पडत नाही, सणाचे गहू ती बाहेर गिरणीत देते. धर्मेंद्र केळीच्या गाडीबरोबर डबा पाठवतो. ठसका लागू नये म्हणून मथुरा आता पीठ उकडून घेते, भाकरी कापसासारखी मऊ होते. नणंद-भावजयीचं आजकाल फोनवर इतकं गूळपीठ असतं की मला मत्सर वाटायला लागला आहे.

राहिले मांडे. एका खोलीत गव्हाचं पीठ उडणार आणि त्याच खोलीत गोटू श्वास घेणार, जेवणार, हे कसं चालायचं? मांडे सोडते म्हणाली. मी म्हटलं, शहाणी आहेस, मला आखाजीला मांडे कोण देईल? माझं परस रिकामं पडलं आहे. खापर तिकडे हलव. चूल मी माझ्या हाताने लिंपली. वाकडी झाली, पण पेटते.

यंदाच्या लग्नसराईत तिने पहिल्यांदाच गोटूला दापोऱ्याला पाठवला नाही. आखाजीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सकाळपासून माझ्या परसात ती मांडे काढत होती, मी पुरण वाटत होते. गोटू पलीकडे आपल्या घरात होता. गेले तीन महिने त्याने आईचा हात पोटावर ठेवला नव्हता. मथुराला त्याचं बरं वाटायचं, आणि कधीकधी कसंतरीही वाटायचं. "त्याचा एकच शब्द होता बाई," ती म्हणायची. "तोपण गेला."

अकराच्या सुमारास गोटू आमच्या दोन परसांमधल्या दारात येऊन उभा राहिला. गाल भरलेले, शर्टची बटणं पोटावर नीट लागलेली. उंबऱ्याच्या आत यायचं नाही हे त्याला पक्कं माहीत. त्याने आईकडे हात पसरला.

मथुराचा चेहरा उतरला. "थांब राजा, हात धुते," म्हणत तिने कोपरापर्यंतचं पीठ खळाखळा धुतलं, पुन्हा धुतलं, लुगडं बदलून आली. त्याने तिचा हात धरला. मी वरवंटा खाली ठेवला आणि दोघांच्या मागे गेले. आता हा हात पोटावर जाणार, आता आपण कुठे चुकलो ते शोधायचं. मनात मी अरविंदची गिरणी, मसाल्याची पुडी, सगळं भराभर तपासत होते.

गोटू तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला. फळीवर, त्या कागदाच्या खाली, भाकरीचा डबा असतो. त्याने आईचा हात उचलला आणि डब्याच्या झाकणावर ठेवला. मग तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मथुराने झाकणावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई... याले भूक लागली."

चोवीस वर्षांनी आम्हाला कळलं की भुकेसाठी त्याचा शब्द वेगळा आहे. तो इतके दिवस त्याने वापरला नव्हता, कारण त्याला दुखण्यातून भुकेपर्यंत कधी पोचताच आलं नव्हतं.

परसात खापर तापून धूर काढत होतं, गिऱ्हाईक दारात बोंबलत होतं. मी त्याला जाऊन सांगितलं, बस जरा, घाई करू नकोस, आत पोरगं जेवतंय. गोटूने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग हात पुसला, आईचा हात धरला आणि तिसरीसाठी पुन्हा झाकणावर नेऊन ठेवला.